दुपट्याचं मोकळं टोक

“त्यात काय अवघड हाय मेलं? दोऱ्यात आकडा घालायचा आन् वडायचा! खोंडाला वेसण घालनारी बाई मी, मला हे जमंना व्हय?”

रंगूबाई हे चारचौघींत बोलल्या, आणि बोलताना त्यांच्या हातात विहीणबाईंनी पाठवलेलं दुपटं होतं. पुढचं सगळं रामायण या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्यामुळं झालं. नुसतं बोलल्या असत्या तर चाललं असतं. नुसतं हातात धरलं असतं तरी चाललं असतं!

तसा रंगूबाईंचा क्रोशाशी काही संबंध नव्हता. त्या वाकळ शिवणाऱ्या. मलकापुरापासून पाटणपर्यंत आपल्यासारखी वाकळ कुणी शिवत नाही, असं एक जाणकार मत होतं आणि ते रंगूबाईंचं स्वतःचं होतं. लेक हरणा सांगलीला हळदीच्या पेठेत दिली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा त्यांनी आपल्या लग्नातलं लुगडं फाडून बाळासाठी वाकळ तयार ठेवली होती. आता नात झाली होती, वाकळ होती, सगळं जागच्या जागी होतं. फक्त हरणाच्या तोंडी सासू होती.

“आई, आत्याबाई आळिवात जायफळ घालतात.”

“आई, आत्याबाई शेक देताना असं करत न्हाईत.”

“आई, आत्याबाई म्हणतात, बाळाला फार हलवू नये.”

प्रत्येक वेळी रंगूबाईंच्या पोटात तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखं चर्र व्हायचं. ही पोर आपल्या हाताखाली वाढली, भाकरी थापायला आपण शिकवली, आणि सांगलीला जाऊन वर्ष झालं नाही तोवर हिची आई बदलली की काय! तोंडानं मात्र त्या म्हणायच्या, “व्हय बाई. शान्या हायेत तुझ्या आत्याबाई.” असं म्हणताना हातातली भाकरी नेहमी करपायची.

अशात जावई बाळाला बघायला आले आणि आईनं दिलेलं गाठोडं ठेवून गेले. आतून निघालं क्रोशाचं दुपटं. पांढरंशुभ्र. दह्यावरची साय अलगद उचलून पसरावी तसं. लढाईतल्या कापडाच्या कंट्रोलच्या दिवसांत, धड मांजरपाट मिळायची मारामार असताना, विहीणबाई लीलाबाईंनी एवढं सूत कुठून जमवलं देव जाणे! वर निरोप होता: बारशाला बाळाला यातच घ्यायचं.

आळीतल्या बायका बघायला लोटल्या. हरणानं वाकळ बाळाच्या खाली घातली आणि दुपटं वर पांघरलं. रंगूबाईंना ते लगेच दिसलं. खालचं कुणाला दिसतं? पोर मुतणार वाकळीवर आणि कौतुक होणार दुपट्याचं!

“काय नक्षी हाय!” शेजारच्या साळूबाई म्हणाल्या. “असलं काम आपल्या हातनं व्हायचं न्हाई बाई, रंगूबाई.”

तेव्हा रंगूबाईंनी दुपटं हातात घेऊन ते वेसणीचं वाक्य टाकलं.

बायका गेल्या. हरणाचा डोळा लागला. रंगूबाई दुपटं घेऊन ओसरीत आल्या. आत काय आहे ते बघावं, एवढीच इच्छा होती. वाकळीचा टाका उसवून बघितला की कसा घातलाय ते कळतं; मग इथं काय वेगळं असणार? कोपऱ्यात एक बारीक गाठ होती. रंगूबाईंनी ती दातानं सैल केली आणि टोक धरून जरासं ओढलं.

सुर्र!

एक ओळ गेली. वाकळीत असं होत नाही. वाकळीचा टाका उसवला तर तेवढाच उसवतो, बाकीचे आपापल्या जागी इमानानं बसून असतात. इथं एक सुटला की शेजारचा सुटायला तयारच! रंगूबाई घाबरल्या. उलटं ओढलं तर परत जाईल म्हणून दुसऱ्या बाजूनं ओढलं. आणखी दोन ओळी गेल्या. मग ‘निदान कुठंतरी थांबत असंल की’ म्हणून त्या ओढत राहिल्या. खोटं कशाला सांगा, मधे मधे त्यांना बरंही वाटत होतं.

ते थांबलं तेव्हा मांडीवर दुपटं नव्हतं. कुरळ्या सुताचा ढीग होता, नुकत्याच न्हाऊन उठलेल्या म्हातारीच्या केसांसारखा.

“आई,” आतून हरणाचा आवाज आला, “आत्याबाईंचं दुपटं कुठाय?”

“धुतलंय!” रंगूबाई ओरडल्या आणि ढीग पदराखाली घेऊन गोठ्यात पळाल्या.

गोठ्यात त्यांचे धाकटे दीर, हवालदार सयाजीराव, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. इटलीच्या लढाईत पायात गोळी घुसली, पुण्याच्या लष्करी दवाखान्यात कित्येक महिने काढले आणि आता घरी आले होते. मिशी अशी की दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं! डोक्यावर सदा एक लोकरीची टोपी. म्हणायचे, मडमेनं दिली.

रंगूबाईंचं लक्ष टोपीवर गेलं. मग पदरातल्या सुताकडं. मग परत टोपीवर. उसवताना डोळ्यांसमोरून जे वेटोळं ओळीओळीनं गेलं होतं, तेच वेटोळं हवालदाराच्या डोक्यावर बसलेलं!

“भावजी, ही टोपी कुनी केली?”

“मडमेनं.”

“खरं सांगा. म्हशीवर हात हाय तुमचा.”

सयाजीरावांनी म्हशीवरचा हात काढला. मिशीची टोकं खाली आली.

“मीच केलीया, वयनी. दवाखान्यात पडून पडून मानसं येडी व्हतील म्हनून सिस्टर शिकवायची. पर गावात बोलू नका! जर्मनाला भ्यालो न्हाई, पर तालमीतल्या पोरांना कळलं तर मला पाटनच्या रानात जाऊन ऱ्हावं लागंल.”

रंगूबाईंनी पदर उघडून ढीग दाखवला. हवालदारांनी तो बघितला आणि युद्धावर अनेक गोष्टी बघितलेला तो माणूस एक पाऊल मागं सरला.

“ईनबाईंचं?”

“व्हय.”

“बारशाच्या आत करायचं?”

“व्हय!”

सयाजीरावांनी विचार केला. त्यांची बोटं उसाच्या कांड्यांसारखी. एवढं बारीक सूत त्यांना धरवणं शक्य नव्हतं. दवाखान्यात मिळायची ती जाड लोकर. आणि जाड लोकरीचं काम झटझट वाढतं, हा त्याचा मोठा गुण.

लोकर कुठून आणायची हा प्रश्न मात्र पडला नाही. वरच्या रानात माणदेशातून उतरलेली तानुबाई धनगरीण मेंढरं बसवून होती. रानाला खत मिळायचं, तिला जोंधळा मिळायचा, दरवर्षीचा व्यवहार. रंगूबाई तिच्या पालावर गेल्या आणि म्हणाल्या, “कातलेली लोकर दे. कोकराच्या जावळाची. मऊ.”

“घोंगडं इनायचं का काय, आक्का?”

“बाळाचं दुपटं करायचंय.”

तानुबाईनं हातातली लोकर कातायची चाती थांबवली. “बाळाचं? आवं, टोचंल की! कोकराला टोचलं तर चाटायला आय असती, म्हनून चालतंया.”

“माझ्या नातीला आजी हाय!” रंगूबाई म्हणाल्या आणि काळ्या लोकरीचा गुंडा घेऊन ताडताड खाली आल्या. टोचंल हे मात्र मनात राहिलं. रिठ्याच्या पाण्यात लोकर धुतली, तरी टोचतच होती. तेव्हा सयाजीरावांच्या डोक्यातून एक लष्करी कल्पना निघाली.

“वयनी, ते पांढरं सूतबी जोडीला घ्या. दोन पदर एकदम. टोचायचं कमी हुईल, दुपटं जाड हुईल, आन् ढीग कुठं लपवायचा ह्यो प्रश्नच मिटला. दारूगोळा असाच लपवत्यात. समद्यांच्या डोळ्यांपुढं.”

चोरीचा माल चोरीच्याच जागी पुरायचा! रंगूबाईंना दिराचा पहिल्यांदाच अभिमान वाटला. सयाजीरावांनी चिंचेच्या फांदीची सुई तासून दिली; तोंडाला आकडा, जाडी अंगठ्याएवढी. दुपारी सगळे पुरुष गुऱ्हाळावर गेले की गोठ्यात शिकवणी सुरू झाली.

“सावधान! सुई उजव्या हातात! दोरा डाव्या बोटावर! साखळी घाल!”

सावधान ऐकून रेडकू उठून उभं राहिलं.

“भावजी, जरा हळू बोला.”

“हळू बोललं की हात शिस्तीत चालत न्हाईत, वयनी. सिस्टरबी वरडायची. आता साखळीचं कडं जोडा. जोडलं? आता त्यातनं खांब! दोरा घ्या, आत घाला, वडा, दोनातनं काढा, दोनातनं काढा. ह्यो झाला खांब. पुढचा खांब! पुढं चल!”

रंगूबाईंचे पहिले खांब बघवत नव्हते. एक बाभळीचा, एक वाकलेला, एक नुसताच फुगलेला. एका भोकात चुकून पाच-सहा खांब घुसले आणि त्याचा बोरासारखा टणक फुगा झाला. रंगूबाईंना रडू यायचं बाकी राहिलं.

“ह्यो काय मुरूम उठलाय, भावजी?”

हवालदारांनी फुगा दाबून बघितला. “एकच हाय म्हनून मुरूम दिसतोय. समदीकडं काढा. मग नक्षी दिसंल.”

तसे त्यांनी समदीकडं काढले. दर थोड्या खांबांनी एक फुगा, काळ्या-पांढऱ्या पदरांचा, जोंधळ्याच्या कणसासारखा. आणि काय सांगावं, ते छान दिसू लागलं! रंगूबाईंच्या बोटांना वाकळीची जुनी सवय होतीच. एकदा खांब वळणावर आला की हात पळायला लागले. पळता पळता तोंडानं लीलाबाईंशी भांडण चालायचं. हा खांब आळिवातल्या जायफळाचा! हा शेकाचा! हा ‘बाळाला फार हलवू नये’चा! त्यामुळं टाका असा घट्ट पडायचा की सुई बाहेर काढायला हवालदार लागायचे.

इकडं साळूबाई गोवऱ्या न्यायला आल्या आणि गोठ्याच्या कुडामागं थबकल्या. आतून आवाज येत होता, “पुढं चल, वयनी! मागं बघायचं न्हाई! वडा! जोर लावा!” साळूबाई गोवऱ्या तिथंच टाकून गेल्या. गुऱ्हाळावर बातमी पोचेपर्यंत तिला चांगलं पीळदार शरीर आलं होतं: सरकारनं आता बायकांची पलटण काढली आहे आणि सयाजीरावांनी पहिलं नाव वयनीचं घातलं आहे. रंगूबाईंचे यजमान लालासाहेब काकवीचे हात घेऊन धावत घरी आले.

“आगं, लष्करात चाललीस? मला न इचारता?”

“व्हय,” रंगूबाई म्हणाल्या. “तिकडं निदान कौतुक तरी करत्यात म्हनं.”

लालासाहेब त्या दिवसापासून आपली चहाची बशी आपण विसळू लागले. एवढा एक फायदा झाला.

हरणा आतून रोज विचारायची.

“आई, दुपटं वाळलं न्हाई अजून?”

“थंडी हाय.”

“ऊन तर कडक पडलंय.”

“नाजूक हाय गं ते! सावलीत वाळवतीया!”

हरणा काही बोलायची नाही. तिचं हे न बोलणं रंगूबाईंना जायफळापेक्षा जड जायचं. पोरीला कळलं तर? आई जळली, आईनं सासूचं काम उसवलं, असं कळलं तर ती उद्या सांगलीला जाताना मागं वळून तरी बघेल का? मग त्या आणखी जोरानं खांब घालायच्या.

आणि अशात दुपट्यानं डोकं वर काढलं. म्हणजे अगदी खरोखर! आधी भाकरीसारखं सपाट होतं. मग कडेनं जरा उचललं. मग परातीसारखं झालं. मग बुट्टीसारखं.

“भावजी, हे वर का चाललंय? दुपटं पसरट असतंय. आता मागं फिरायचं न्हवं?”

“टोपीत मागं फिरत न्हाईत, वयनी. पुढंच जायचं असतंय.”

“टोपीत?” रंगूबाईंची सुई थांबली. “भावजी, तुमी दवाखान्यात काय काय करायला शिकला?”

“टोपी.”

“आनि?”

“दुसरी टोपी.”

म्हैस रवंथ करत होती. रंगूबाईंनी हातातली वस्तू उलटी धरून बघितली. ती टोपीच होती. हत्तीला जरा घट्ट झाली असती, एवढंच.

“उसवू?” त्या पुटपुटल्या.

“बारसं उद्या हाय, वयनी.”

“मग आता हे बंद तरी करा. शेवटची गाठ कशी मारायची?”

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. “ती सिस्टर मारायची. गाठीच्या आधी आमाला सुट्टी दिली.”

टोक आत खोचून ठेवलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

बारशाला लीलाबाई मिरजेवरून आगगाडीनं आणि स्टेशनावरून बैलगाडीनं आल्या. गोऱ्या, नीटनेटक्या, प्रवासातही पदराची घडी न मोडलेल्या. रंगूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, आणि देता येईल तेवढा वेळ लावला.

“बाळाला आणा की विहीणबाई,” लीलाबाई म्हणाल्या. “माझ्या दुपट्यात कशी दिसते बघू.”

खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बाळानं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. टिपेला रडत होतं. रंगूबाई ती लोकरीची बुट्टी घेऊन आल्या. हनुवटी वर होती.

“तुमचं लय नाजूक, ईनबाई. थंडीत पोरीला सोसायचं न्हाई म्हनून म्या हे केलं. मलकापुरी दुपटं.”

साळूबाईंनी मान एका बाजूनं तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूनं.

“ह्यात बाळ घालायचं का पेरू?” त्यांनी विचारलं.

रंगूबाईंनी खाली आपली वाकळ घातली आणि रडतं बाळ त्या बुट्टीत ठेवलं. बाळ घरंगळून बरोब्बर मधे गेलं. चहूबाजूंनी जाड, उबदार कडा वर आल्या. बाळानं एक हुंदका दिला, एक फुगा मुठीत धरला आणि डोळे मिटले. चिमणी खोप्यात बसावी तसं!

“अगं बया!” साळूबाईंचा आवाजच बदलला. “पोर गप झाली की! काय डोकं हाय रंगूबाई तुमचं! गोल दुपटं! सांगलीत तरी असलं मिळतं का, ओ?”

बायका एकदम बोलू लागल्या. हा फुगा कसा काढला? लोकर कुठली? मला शिकवाल का? “त्यात काय अवघड हाय?” रंगूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हळूच लीलाबाईंकडं बघितलं.

लीलाबाईंचा चेहरा हसरा होता. पण तो हसरा चेहरा रंगूबाईंनी ओळखला. आळिवाच्या वेळी, शेकाच्या वेळी त्या स्वतः तोच घालून बसत होत्या. तापल्या तव्यावर पाणी पडल्याचा आवाज त्यांना जवळजवळ ऐकू आला. आयुष्यात इतकं गोड काही त्यांनी ऐकलं नव्हतं.

“छान आहे,” लीलाबाई म्हणाल्या. “बघू तरी, कसं घातलंय.”

त्या वाकल्या. त्यांची बोटं कडेवरून फिरली, खोचलेलं टोक त्यांना सापडलं. आणि ‘नको’ हा शब्द रंगूबाईंच्या तोंडून निघायच्या आत त्यांनी ते जरासं ओढलं.

सुर्र!

“अगं बाई!” म्हणून लीलाबाईंनी उलटीकडून ओढलं. आणखी दोन ओळी गेल्या. बुट्टीची कड गोल गोल उतरू लागली. बाळ झोपलेलंच. बायकांचे जबडे उघडे. आणि लीलाबाईंच्या मांडीवर काळ्या लोकरीच्या जोडीनं पांढरं, बारीक, ओळखीचं सूत उतरायला लागलं.

त्यांचा हात थांबला. सूत चिमटीत धरून त्यांनी उजेडात बघितलं. मग रंगूबाईंकडं बघितलं. रंगूबाईंनी लीलाबाईंच्या हातातल्या टोकाकडं बघितलं. दोघींनाही बोलण्यासारखं बरंच होतं. पण एकीची चोरी मांडीवर उतरली होती आणि दुसरीची हातात होती!

“थांब!” दारातून सयाजीराव ओरडले. फारच उशिरा.

तेवढ्यात खाटेवरून हरणा बोलली, नेहमीच्याच आवाजात.

“आत्याबाई, आई, तुमचं एकमेकींचं उसवून झालं असंल तर बाळाचं नाव ठेवायचं का?”

रंगूबाई गरकन वळल्या. “तुला ठावं हुतं?”

“गोठा त्या भिंतीपलीकडं हाय, आई. रोज दुपारी ‘पुढं चल वयनी’ म्हटल्याशिवाय बाळ झोपत नव्हतं.” मग ती जरा थांबली. “माझ्यासाठी तू कवा एवढं भांडली नव्हतीस. बरं वाटत हुतं. म्हनून बोलले न्हाई.”

रंगूबाई एकाएकी शेगडीतला धूर लागल्यासारखं डोळे पुसू लागल्या. शेगडीत धूर नव्हता.

लीलाबाईंनी पदर खोचला. “द्या ती तुमची वल्ह्याएवढी सुई, विहीणबाई,” त्या म्हणाल्या. उतरलेल्या ओळी त्यांनी बसल्या बसल्या परत चढवल्या, काळं पांढरं दोन्ही घेऊन, बाळाला न उठवता. फुगे कसे काढायचे ते मात्र त्यांना रंगूबाईंना विचारावं लागलं. रंगूबाईंनी ते जेवढं सावकाश सांगता येईल तेवढं सावकाश सांगितलं. शेवटी लीलाबाईंनी गाठ मारली, टोक आत फिरवलं आणि नातीचं नाव इंदुमती ठेवलं गेलं.

सगळं गोड झालं असतं. पण बारशाला उशिरा आलेल्या, आळीतल्याच तात्याबांच्या राहीबाईंनी दुपट्यावरून हात फिरवला, ती गाठ बघितली आणि म्हणाल्या, “काय सफाई हाय! सांगलीच्या ईनबाईंनी केलं वाटतं?”

“आवं, गाठ तेवढी त्यांची!” रंगूबाई कळवळल्या.

पुढं हरणा सांगलीला गेली, पण ते दुपटं दर थंडीत मलकापूरला यायचं. इंदुमतीनंतर त्यात तिचे भाऊ झोपले, मग मांजर, मग मांजराची पिल्लं. रंगूबाई म्हाताऱ्या झाल्या, तशा दुपारच्या ते मांडीवर घेऊन बसायच्या आणि त्या गाठीवरून बोट फिरवत राहायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही माया!

माया होतीच. पण एका दुपारी कुणी नाही असं बघून त्यांनी ती गाठ दातानं सैल करायचाही प्रयत्न केला होता. ती निघाली नाही. या खेपेला लीलाबाईंनी गाठ विहीण ओळखून मारली होती!